व्यायामशक्ती : मध्यम

आयुर्वेद महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या प्रत्येक चिकित्सकाने विद्यार्थिदशेत शेकडो रुग्णपत्रके लिहिलेली असतात. दशविध परीक्षेच्या रकान्यांतून प्रकृती, सार, संहनन, प्रमाण, सात्म्य, सत्त्व, आहारशक्ती असे एकेक पद ओलांडीत लेखणी ‘व्यायामशक्ती’पाशी येते आणि तेथे क्षणभरही न थांबता आपण ‘मध्यम’ असे लिहून मोकळे होतो. आमच्या स्वतःच्या पत्रकांत तर ‘प्रवर’ वा ‘अवर’ हे शब्द अपवादानेच सापडतील. खाटेवरील रुग्णास आपण कधी जिन्याच्या चार पायऱ्या चढावयास लावल्या नाहीत, आणि ‘मध्यम कशावरून?’ असे अध्यापकांनीही कधी विचारले नाही. चरकाचार्यांनी विमानस्थानात व्यायामशक्ती ही कर्मशक्तीवरून परीक्षावी असे स्पष्ट सांगितले आहे. म्हणजे माणसास काम करताना पाहावे आणि मग ठरवावे. पाहण्याचे काम आपण वगळले आणि ठरविण्याचे तेवढे चालू ठेवले.

या एका शब्दाची किंमत आम्हांस गतवर्षीच्या ज्येष्ठात, राहुरीच्या पुढे, रस्त्याकडेच्या एका कडुनिंबाखाली कळली. तो दिवस व त्यातून उद्भवलेले काही विचार वैद्यबांधवांपुढे ठेवावे, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

नाशिक हे आता सायकलस्वारांचे नगर झाले आहे, हे येथील व्यावसायिकांना सांगावयास नको. २०१५ साली डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र या महाजन बंधूंनी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची सुमारे ४८०० किलोमीटरची ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ दोघांच्या संघात पूर्ण केली. २०१७ मध्ये नाशिकचेच म्हणून ओळखले जाणारे लष्करी वैद्यकीय अधिकारी लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ यांनी तीच स्पर्धा एकट्याने पार केली, आणि त्याच वर्षी नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनीही. चौघेही डॉक्टर, त्यांत वैद्य एकही नाही, हे जाता जाता नोंदवून ठेवतो. पण नाशकातल्या सामान्य गृहस्थास सायकलवर बसविले ते या पराक्रमांनी नव्हे, पंढरीच्या वाटेने. पोलीस अधिकारी हरीश बैजल यांच्या पुढाकाराने २०१२ च्या सुमारास नाशिक ते पंढरपूर अशी सायकलवारी सुरू झाली आणि पाहता पाहता तिच्यात शेकड्यांनी माणसे सामील होऊ लागली. तिचे पाहून लहानमोठे अनेक समूह आषाढीपूर्वी त्याच मार्गाने आपापल्या सोयीने निघतात. अहिल्यानगर, टेंभुर्णी आणि पंढरपूर असे साधारण तीन दिवसांचे हे मार्गक्रमण असते. पैकी पहिला दिवस सर्वांत मोठा, दीडशे किलोमीटरांहून थोडा अधिक. आमचा समूह असाच घरगुती होता. अडतीस सायकली, सामानाचा एक टेम्पो, सोबतीस एक मोटार, आणि औषधांची पेटी सांभाळण्यास आम्ही व एक तरुण एम.बी.बी.एस. डॉक्टर भगिनी.

त्र्यंबकेश्वराहून निघणारी संत निवृत्तिनाथांची पालखी साधारण ह्याच दिशेने सिन्नर, नगर, करमाळा करीत पंढरीस जाते आणि त्यास तीन आठवड्यांहून अधिक काळ घेते. पायी वारकऱ्याच्या शरीरास पहिल्या मुक्कामी दुखणारे पाय दुसऱ्या आठवड्यात सरावतात. मात्रा क्रमाने चढते. सायकलने ही सारी वाट तीन दिवसांत आवळली आहे. श्रद्धा तीच आहे, मात्रा मात्र बदलली. औषधाची मात्रा बदलली तर वैद्य शंभर प्रश्न विचारतो. येथे मात्र त्याने काहीच विचारलेले नसते.

आपल्यापैकी बहुतेकांची अशा वारीविषयीची भूमिका आम्हांस ठाऊक आहे, कारण दोन वर्षांपूर्वीपर्यंत आमचीही तीच होती. वाग्भटांनी व्यायाम सांगितला तो बलवानास, स्निग्ध भोजन करणाऱ्यास, शीतकाळी व वसंतात. आणि तोही अर्ध्या शक्तीने. ग्रीष्मात व्यायाम व ऊन दोन्ही वर्ज्य. वर्षा ऋतूत आयास वर्ज्य. ज्येष्ठ-आषाढ म्हणजे या दोन ऋतूंचा सांधा, मनुष्याचे बल वर्षातील नीचतम पातळीवर. अशा काळात एका दिवसात दीडशे किलोमीटर! शास्त्रार्थ उघड आहे. रुग्ण विचारावयास येतो, आपण ‘निषिद्ध’ म्हणून सांगतो, तो मान डोलावतो, आणि पंधरा दिवसांनी पंढरपूरहून प्रसाद घेऊन येतो. आपले सांगणे शास्त्रशुद्ध होते. उपयोग शून्य झाला. जाणारा जाणारच आहे, हे ज्यास ठाऊक असूनही केवळ निषेध सांगून जो थांबतो, त्याने रुग्णास शास्त्राच्या छायेतून बाहेर काढून एकटे सोडलेले असते. दुसरा प्रकार याहून वाईट. काही व्यवसायबंधू निषेधही करीत नाहीत. अश्वगंधा, च्यवनप्राश व पायास लावावयाचे तेल एवढे बांधून देतात आणि आशीर्वादही देतात.

आम्ही तिसरे एक केले होते, आणि ते कदाचित सर्वांत वाईट. आमच्याकडे वर्षानुवर्षे येणारे एक सेवानिवृत्त शिक्षक आहेत. वय पासष्टच्या आत, अंगकाठी सडसडीत, रोज सकाळी गंगेवर फेरी. त्यांना या वारीसाठी दाखला हवा होता. आम्ही नाडी पाहिली, जिव्हा पाहिली, रक्तदाब मोजला, कोठा विचारला. रक्तदाबाची गोळी अन्यत्र चालू आहे एवढे कळले. कोणती, हे विचारले नाही. ‘प्रकृती उत्तम. व्यायामशक्ती : मध्यम’ असे लिहून स्वाक्षरी केली. सर्व मिळून सात-आठ मिनिटे.

पहाटे पाच वाजता नाशिकरोडहून निघालो. आकाश भरलेले, पाऊस नाही, वारा पश्चिमेचा म्हणजे बव्हंशी पाठीशी. शिंदे-पळसे ओलांडून मोहदरीच्या घाटास लागलो तेव्हा उजाडले होते. ह्या घाटात आम्हांस जे पाहावयास मिळाले, ते स्वस्थवृत्ताच्या वर्गात वीस व्याख्यानांतून मिळाले नव्हते. अर्धशक्तीची लक्षणे आपण पाठ केलेली आहेत. उत्तरकालीन ग्रंथांत व टीकांत ललाट, नासिका, कक्षा व गात्रसंधी येथे स्वेद येणे आणि मुखशोष ही चिन्हे सांगितली आहेत; सुश्रुताचार्यांनी हृदयस्थ वायू मुखाशी येतो ती बलार्धाची सीमा म्हटली आहे. सायकलवर यांपैकी पहिले चिन्ह फसवे आहे. चढावर वेग कमी, वारा पाठीमागचा, त्यामुळे ज्यांनी पाव शक्तीही वेचली नव्हती त्यांच्याही कपाळावरून धारा वाहत होत्या. घाट संपून सिन्नरच्या सपाटीवर गाडी वेगाने पळू लागताच त्याच कपाळावरचा घाम दोन मिनिटांत वाळला, आणि श्रम चालूच असताना कपाळ कोरडे दिसू लागले. स्वेदाची लक्षणे तालमीतल्या स्थिर हवेत, तांबड्या मातीत अंग घुसळणाऱ्या मल्लास बरोबर लागू पडतील. ताशी वीस किलोमीटर वेगाने स्वतःच वारा निर्माण करणाऱ्या माणसास नाहीत.

श्वासाचे चिन्ह मात्र अचूक. घाटाच्या मध्यावर कोणीतरी विठ्ठलनामाचा गजर सुरू केला. पहिल्या दोन वळणांवर सगळे आवाज होते. तिसऱ्या वळणावर मागची फळी गप्प झाली, चौथ्यावर मधली. ज्यांचा आवाज टिकला त्यांचा वायू अद्याप हृदयी होता. ज्यांचा गेला त्यांचा मुखाशी आला होता. आधुनिक व्यायामशास्त्रातही श्रमाची पातळी ओळखण्याची अशीच एक सोपी कसोटी वापरतात, बोलता येते पण गाता येत नाही तेथे मध्यम श्रमाची रेषा धरतात. आमचे गुरुजी तिसऱ्या वळणावर गप्प झाले होते. आम्ही ते ऐकले. म्हणजे कानांनी ऐकले; वैद्य म्हणून ऐकले नाही.

गप्प झालेल्यांनी काय करावयास हवे होते? उतरून थांबावयास हवे होते. श्रमश्वास हा अधारणीय वेगांपैकी एक आहे; तो रोधल्यास गुल्म, हृद्रोग व संमोह होतात असे चरक-वाग्भट दोघेही सांगतात. एकट्या माणसास हे सांगावे लागत नाही, दम लागला की तो थांबतोच. समूहात मात्र तो थांबत नाही. मागचा येऊन गाठील, पुढचा दिसेनासा होईल, मोटारीतले हसतील. शोषनिदानात साहसाचे वर्णन करताना चरकाचार्यांनी बलवानाशी झुंजणे आणि अतिदूरचा मार्ग द्रुतगतीने आक्रमणे ही दोन्ही एकाच पंक्तीस बसविली आहेत. समूहाच्या सायकलप्रवासात ही दोन साहसे एकाच वेळी घडतात. वेग सर्वांत बलवान ठरवितो, आणि अंतर सर्वांत दुर्बलासही तेवढेच कापावे लागते.

सिन्नरला न्याहारी झाली. तेथून नांदूर शिंगोटे, तळेगाव दिघे, लोणी असा रस्ता. पाऊस न झालेल्या वर्षी हा पट्टा ओसाड दिसतो. लोणीकडे जाताना ऊस लागतो आणि डोळे निवतात. या टप्प्यात आणखी एक गोष्ट ध्यानी आली, तीही उशिराच. आमच्यात सात स्त्रिया होत्या. सिन्नर ते लोणी या साठेक किलोमीटरांत त्यांपैकी बहुतेकींनी पाण्याचा घोटही घेतला नव्हता. कारण विचारता एकीने हसून सांगितले, “तुम्हां पुरुषांचं बरं आहे हो वैद्यबुवा, झाड दिसलं की झालं.” थांबे आम्ही पुरुषांनी ठरविले होते, चहाच्या टपऱ्या पाहून. एका पेट्रोलपंपावरील स्वच्छतागृहास कुलूप होते आणि किल्ली असलेला मनुष्य जेवावयास गेला होता. त्याच निदानस्थानात संधारणाची कारणे सांगताना सभेत, गुरुजनांसमोर, स्त्रियांमध्ये, किंवा वाहनांतून प्रवास करीत असता भयाने वा लज्जेने वेग रोधणारा मनुष्य वर्णिला आहे. इतके सूक्ष्म निरीक्षण करणाऱ्या परंपरेचे आम्ही पाईक, आणि आमच्याच आखणीत तो दोष भरलेला! त्या भगिनींपैकी दोघींना दुसऱ्या दिवशी मूत्रदाहाचा त्रास झाला. आम्ही गोक्षुरादि गुग्गुळ दिला. वस्तुतः त्यांना गोक्षुराची नव्हे, लोणीच्या अलीकडे एका बंद दाराच्या खोलीची गरज होती. आणि ती आदल्या आठवड्यात दूरध्वनी करून मिळाली असती.

लोणीस दुपारचे भोजन झाले, ते जडच. जेवल्यावर अर्ध्या तासात पुन्हा सायकली हालल्या, यावर वेगळे भाष्य नको. बाभळेश्वर, कोल्हार, प्रवरेचा पूल. वारा पडला, हवा कोंदट झाली. राहुरीस आलो तेव्हा साडेचार वाजले होते.

गुरुजी सर्वांच्या मागे होते. प्रत्येक थांब्यावर ते लिटरभर पाण्याची बाटली रिकामी करून मगच बसत. आम्ही त्यांचे कौतुकच केले होते. ‘पाणी कमी पडता कामा नये’ हे आदल्या रात्री आम्हीच सर्वांना बजावले होते. राहुरीत त्यांचे डोके दुखू लागले, मळमळ सुरू झाली. बोटातली अंगठी रुतते आहे असे ते म्हणाले. आम्ही उष्णतेचा विचार केला, पित्त धरले, धने-जिऱ्याचे पाणी दिले, वर आणखी अर्धी बाटली साधे पाणी पाजले. थोडे पुढे गेल्यावर ते कडुनिंबाखाली उतरले, सायकल आडवी टाकली, आणि आमच्याकडे पाहून अगदी शांतपणे विचारते झाले, “नाशिक किती राहिलं?”

आम्ही पुन्हा बाटली काढली. तेवढ्यात मोटारीतून त्या डॉक्टर भगिनी उतरल्या. त्यांनी पहिला प्रश्न आम्हांस विचारला, “सर, यांनी सकाळपासून किती पाणी घेतलंय?” मोजले. नऊ लिटरांच्या वर. “आणि बीपीची गोळी कोणती?” टेम्पोतल्या पिशवीतून वेष्टन शोधून काढले, मूत्रल गोळी होती. त्यांनी आमच्या हातातली बाटली काढून घेतली, गुरुजींना मोटारीत निजविले आणि विळदच्या बाजूने थेट नगरच्या रुग्णालयात नेले. रक्तातील सोडियम १२२ आले; प्राकृत मर्यादा १३५ पासून पुढे. क्षारद्रव शिरेवाटे मोजून मापून देण्यात आले आणि दुसऱ्या दिवशी सायंकाळपर्यंत गुरुजी पूर्ववत झाले. आणखी दोन बाटल्या आम्ही प्रेमाने पाजल्या असत्या तर काय झाले असते, ते लिहिण्याचे धैर्य आम्हांस नाही.

दीर्घ श्रमात अतिजलपानाने रक्तातील सोडियम घटते, ही गोष्ट दक्षिण आफ्रिकेतील टिमोथी नोक्स यांनी १९८५ साली धावपटूंच्या संदर्भात मांडली. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमधील ४८८ धावकांची रक्ते तपासली असता १३ टक्क्यांमध्ये सोडियम प्राकृताहून खाली आढळले. हा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. धोका अधिक कोणास? जो सावकाश जातो, फार वेळ रस्त्यावर असतो, आणि तहान नसताना हिशेबाने पितो. मूत्रल औषधे चालू असलेल्यास विशेष. मीठ-साखरेचे पाणी दिले म्हणून अतिपानाचा दोष टळतो असेही नाही. हे सारे आम्ही नंतर वाचले. कडुनिंबाखाली ते आमच्या डोक्यात नव्हते.

शाखेच्या मासिक बैठकीत हा प्रसंग आम्ही सांगितला, तेव्हा एका ज्येष्ठ वैद्यांनी तत्काळ स्मरण करून दिले की, शरद व ग्रीष्म वगळता स्वस्थानेही पाणी अल्पच प्यावे असे वाग्भटांनी सांगितले आहे. ‘म्हणजे हे आपल्या शास्त्रात आहेच.’ सभेत समाधानाची एक लहर पसरली. आमचे नम्र मत निराळे आहे. ते वचन आम्हांसही पाठ होते. पाठ असून राहुरीस आठवले नाही, आणि आठवले असते तरी ‘हा तर अजून ग्रीष्मच’ असा युक्तिवाद करून आम्ही पाणी पाजलेच असते. ग्रंथात सोडियम नाही. ते तेथे आहे असे भासविल्याने ग्रंथाचा गौरव होत नाही आणि रुग्णाचे सोडियमही वाढत नाही. त्या दिवशी ज्या ज्ञानाने माणूस वाचला ते दुसऱ्या शास्त्राचे होते, हे सरळ मान्य करण्यात आम्हांस कमीपणा वाटत नाही. कमीपणा वाटतो तो याचा की, ज्या ज्ञानाने हा प्रसंग मुळातच टळला असता ते आमच्या शास्त्राचे होते, आणि ते आम्ही वापरले नाही. गुरुजींची व्यायामशक्ती मध्यम नव्हती. रोजची गंगेवरील फेरी हे तिचे प्रमाण नव्हते. मोहदरीच्या तिसऱ्या वळणावर ती उघड झाली होती, आणि तेथे त्यांना मोटारीत बसविण्याचा अधिकार फक्त आम्हांस होता.

म्हणून आमच्या शाखेने काही करावे असे आम्हांस वाटते. अशा समूहांचे प्रमुख दरवर्षी चैत्रातच यादी करू लागतात. तेव्हाच त्यांच्याकडे जावे. दाखला मागावयास येणाऱ्यास दोन महिने आधी पाहावे, आणि खोलीत नव्हे, चढावर पाहावे. गाता गाता तो कोठे थांबतो ते लिहून ठेवावे. वसंतात, म्हणजे शास्त्रानेच व्यायामास योग्य म्हटलेल्या काळात, दर आठवड्यास थोडे अंतर वाढवीत ती खूण वर सरकते की नाही ते पाहावे. अर्धशक्ती ही स्थिर वस्तू नव्हे. क्रमाने केलेल्या अभ्यासाने जे सात्म्य होते त्याचे अर्धही मोठे होते. ऋतुनिषेधाला अपवाद करावयाचाच असेल तर तो एवढ्याच आधारावर करता येईल. ज्यांची खूण वर सरकत नाही त्यांना पहिल्या दिवशी लोणीपर्यंतच सायकल व पुढे मोटार असे आधीच सांगावे, सर्वांसमक्ष नव्हे, घरी जाऊन. चालू औषधांची नावे वेष्टन पाहून लिहावीत. आणि मार्गात स्त्रियांना उतरता येईल असे थांबे प्रथम ठरवावेत, चहा मागाहून.

यात आपली प्राप्ती काही नाही, हे खरे. तेलाच्या बाटल्या खपण्याचा मार्ग याहून सुलभ आहे. मुक्कामी पाय चोळून घेण्यास रांग लागते, तेथे वैद्याचा जयजयकार होतो, छायाचित्रेही निघतात. आणि अभ्यंग खरोखरच सुखावह असतो, त्याविषयी आमची तक्रार नाही. परंतु सायंकाळी पाय चोळणारा वैद्य सकाळी घाटात कोठे होता, असे कोणी विचारले तर आपल्यापाशी उत्तर असावे. काही सहकारी म्हणतील की हे क्रीडावैद्यकाचे क्षेत्र आहे, आपण त्यात कशास पडावे. ज्या शास्त्रात व्यायामाच्या मात्रेला इतके सूक्ष्म मोजमाप आहे, अतिव्यायामाने तृष्णा, क्षय, रक्तपित्त, कास, ज्वर यांची परंपरा सांगितली आहे, आणि हत्तीस ओढू पाहणाऱ्या सिंहाच्या विनाशाचे चित्र ज्यात रेखाटले आहे, त्या शास्त्राच्या अनुयायांनी हे क्षेत्र परके म्हणावे हे आम्हांस समजत नाही.

गुरुजी रुग्णालयातून घरी आल्यावर आमच्यावर रागावले नाहीत. त्यांच्या पत्नी मात्र रागावल्या, आणि ते रास्तच होते. दिवाळीनंतर एका सायंकाळी ते चिकित्सालयात आले. त्यांच्या डॉक्टरांनी गोळी बदलून दिली होती. खुर्चीवर बसून त्यांनी इकडच्या तिकडच्या गोष्टी केल्या आणि उठता उठता विचारले, “वैद्यराज, यंदा पुन्हा जाऊ म्हणतो. तुमचं काय मत?”

आम्ही नवे रुग्णपत्रक काढले. नाव, वय लिहिले, नव्या गोळीचे वेष्टन मागून घेऊन तिचे नाव लिहिले. प्रकृती, सार, संहनन असे करीत खाली आलो आणि एक रकाना रिकामा ठेवला. “गुरुजी, येत्या रविवारी पहाटे सहा वाजता मोहदरीच्या पायथ्याशी सायकल घेऊन या,” आम्ही म्हणालो. “आम्हीही येतो. आणि बाईंनाही विचारून या.”